तोरणमाळचं तळं सगळ्यांनी पाहिलं, पण तोरणमाळ कुणी पाहिलं का?

गोमाईकाठ
मंडळी, मूळचा नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याचा, सध्या पोटापाण्यासाठी पुण्यात. दरवर्षी मे महिन्यात गावी आलो की तोरणमाळला एक चक्कर ठरलेली. यशवंत तलाव, नौका, सीताखाई, खडकी पॉइंट, गरम भजी, फोटो आणि संध्याकाळच्या आत घाट उतरून घरी. आमच्या आधीची पिढी हेच करायची, आम्हीही हेच करतो.

यंदा मुलगी आठवीत आहे. तिच्या शाळेत 'आपल्या भागातलं एक ठिकाण' असा प्रकल्प आहे. तिने विचारलं, 'बाबा, या तळ्याकाठी पूर्वी कोण राहायचं?' मी म्हटलं, आदिवासी. ती म्हणाली, 'ते तर आत्ताही राहतात. मी पूर्वीचं विचारतेय.' तिला काय सांगावं ते मला सुचेना. महाबळेश्वरला गेलं तर मॅल्कमपासून सगळं फलकावर लिहिलेलं असतं. इथे सातपुड्यात हजार मीटरच्या वर एवढं मोठं तळं आहे, नाथांची ठिकाणं आहेत, जुन्या बांधकामाचे दगड पायाखाली येतात, आणि तरी सगळीकडे माहिती एकाच ओळीची: 'महाराष्ट्रातील थंड हवेचे दुसऱ्या क्रमांकाचे ठिकाण'. माझं मत स्पष्ट आहे. आपण खान्देशी लोकांनी तोरणमाळला फक्त सहलीची जागा करून ठेवलंय.

तर प्रश्न असा: दोन-तीन दिवस हाताशी असतील तर तोरणमाळचा इतिहास नीट कसा पाहावा? काय पाहावं, कुणाला विचारावं, आधी काय वाचून जावं? ज्यांनी असा प्रयत्न केलाय त्यांनी सविस्तर लिहा.

एसटीप्रेमी
पहिला मुद्दा: स्वतःची गाडी नेऊ नका, एसटीने जा. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत गाडी वर चढते. बाजाराच्या दिवशी निम्मी गाडी डोंगरातल्या माणसांनी भरलेली असते. सात पायरी घाट येईपर्यंत अर्धा इतिहास शेजारच्या सीटवर बसलेला सापडतो.

बापू_अमळनेर
एसटीप्रेमी भाऊ, आणि उरलेला अर्धा टपावर! :)
तठे जाशात तं थंडीना कपडा लई जा रे भो. आम्ही गेलो होतो तेव्हा खाली शहाद्यात पंखा लावून झोपलो आणि वर गोधडी कमी पडली.

जुना_कागद
चांगला धागा. गोमाईकाठ, तुमच्या लेकीचा प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर लांब आहे. जमेल तेवढं मांडतो.

तोरणमाळ समजायला आधी नकाशा उघडा. दक्षिणेला तापीचं खोरं, उत्तरेला नर्मदा, आणि नर्मदेपलीकडे माळवा. मध्ये हा सातपुडा. खान्देश आणि माळवा यांच्यामधला हा उंबरठा आहे. १४व्या शतकाच्या अखेरीस मलिक राजा फारुकीने थाळनेरला बस्तान बसवलं, पुढे बुऱ्हाणपूर फारुकींची राजधानी झाली, आणि १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला तेव्हा ही राजवट संपली. यातल्या बऱ्याच काळात पलीकडे मांडूला माळव्याची सत्ता होती. दोन्हीकडच्या फौजा, व्यापारी, बैलांचे तांडे डोंगरातल्या वाटांनीच ये-जा करायचे. त्यामुळे वरच्या पठारावर पाणी आणि तटबंदी असणं यात नवल नाही. पाणी जिथे बारमाही, तिथे ठाणं.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे आला. ब्रिग्ज हा पहिला कलेक्टर. डोंगरातल्या भिल्लांना फौजेने आवरता येईना, म्हणून १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांचीच पलटण, उभी केली. तिचं ठाणं धरणगावला. पुढे १८८० च्या खान्देश गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, तोरणमाळची वेगळी नोंद आहे. तिथलं तळं, जुन्या बांधकामाचे अवशेष, असं सगळं त्यात येतं. ती नोंद वाचून वर जा, म्हणजे पायाखालच्या दगडाकडे लक्ष जाईल. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात एक दिवस काढा. इतिहासाचार्य राजवाडे गेले ते धुळ्यातच, १९२६ च्या ३१ डिसेंबरला, आणि लगेच १९२७ मध्ये मंडळ सुरू झालं. खान्देशचा अभ्यास करायचा तर तो उंबरा ओलांडावाच लागतो.

नाशिककर_वैशाली
आम्ही दिवाळीनंतर गेलो होतो. जागा फारच सुंदर, पण मीसुद्धा हाच प्रश्न घेऊन परतले. बरोबरच्या वाटाड्याने सीताखाईच्या काठावर सीतामाईची कथा सांगितली, मग आवाज देऊन प्रतिध्वनी ऐकवला. मच्छिंद्रनाथांच्या गुफेत नाथांची कथा सांगितली. तळ्याला यशवंतराव चव्हाणांचं नाव दिलंय असंही सांगितलं. मी विचारलं, 'तुमच्या घरात या तळ्याबद्दल काय सांगतात?' तो एकदम गप्प झाला आणि मग हसून म्हणाला, 'ते कुणी विचारत नाही, मॅडम.' मला ते फार लागलं. नंतर त्याने थोडं सांगितलं, पण तोपर्यंत आमची गाडी निघायची वेळ झाली होती.

सातपुड्याची_लेक
वैशालीताई, तुम्ही विचारलंत हेच मोठं आहे.

मी पावरा आदिवासी आहे, धडगाव तालुक्यातली. सध्या आश्रमशाळेत शिकवते. धागा पहिल्यापासून वाचला. जुना_कागद यांनी लिहिलेलं बरोबर आहे, पण ते वाचताना मला दिसलं की त्या सगळ्यात आम्ही एकाच ठिकाणी येतो, 'आवरता येईना' तिथे. फारुकी येतात, मोगल येतात, इंग्रज येतात, आणि आम्ही म्हणजे डोंगरातला त्रास. आमची मुलं पुस्तकात हे वाचतात. काका, राग मानू नका, तुम्ही मनापासून लिहिलंय हे कळतं. पण गोमाईकाठ यांच्या मुलीने विचारलं की तिथे कोण राहायचं. उत्तर द्यायचं तर जे राहात होते त्यांच्यापासून सुरुवात करायला हवी.

आमच्याकडे इतिहास लिहून ठेवत नाहीत, गातात. पुजारा रात्रभर गातो. त्यात पृथ्वी कशी झाली, धान्य कुठून आलं, याहामोगी माता कुठून कुठे गेली, कुठल्या डोंगराचा कुठला देव, हे सगळं क्रमाने येतं. गावं आणि नद्यांची नावं त्यात ओळीने येतात. माझी आजी अक्षरशत्रू होती, पण नर्मदेच्या काठापासून तळोद्यापर्यंतची वाट ती गाण्यावरून सांगायची. प्रत्येक टेकडीला नाव, प्रत्येक नाल्याला नाव. सरकारी नकाशावर त्यातलं फार थोडं सापडतं.

आणि सण पाहा. वाघदेवाची पूजा, नवं धान्य आल्यावर नवाई, होळीआधीचा भोंगऱ्या बाजार. नवाई होईपर्यंत घरात नवं धान्य शिजत नाही. आधी देवाला, पूर्वजांना, मग आपण. हे आमच्यासाठी कार्यक्रम नाहीत, वर्षाचं कॅलेंडर आहे. कुठल्या टेकडीवर वाघदेव आहे ते विचारा, म्हणजे गावाची शीव कुठून कुठे होती ते कळेल.

भुसावळ_जंक्शन
ताई, जबरदस्त. धाग्यातला आतापर्यंतचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद.

नाथपंथी_नंदुरबार
महाशिवरात्रीचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. गोरखनाथांच्या यात्रेला आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या जातं. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, तिन्हीकडची माणसं येतात. खेतियाकडून, बडवानीकडून पायी चालत येणारे कितीतरी. 'अलख निरंजन' आणि 'जय गोरखनाथ' यांनी घाट दुमदुमतो. वाटेत नागार्जुनाचं स्थान लागतं, तिथे माथा टेकून पुढे जायचं ही रीत आहे.

मला यात इतिहास दिसतो तो असा. राज्यांच्या सीमा १९५६ आणि १९६० साली आखल्या गेल्या, पण यात्रेच्या वाटा त्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. निमाडातला म्हातारा, अहिराणी बोलणारी बाई आणि पावरा पोरं एकाच रांगेत उभी असतात. भाषा तिन्ही वेगळ्या, पण रांगेत कुणाचं कुणावाचून अडत नाही. हे बघायचं असेल तर शिवरात्रीला या. शांत तळं बघायचं असेल तर मात्र तो आठवडा टाळा.

सातपुड्याची_लेक
नाथपंथी दादा, एक भर घालते. त्याच महाशिवरात्रीला आमची देवमोगऱ्याची यात्रा असते, गुजरातेत सागबाऱ्याजवळ. याहामोगीची. आमच्या भागातली खूप कुटुंबं तिकडे जातात, नवं धान्य घेऊन. काही घरं एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. एकाच रात्री डोंगराच्या दोन बाजूंना दोन यात्रा. गोमाईकाठ, हे तुमच्या मुलीच्या वहीत नक्की लिहायला सांगा.

जुना_कागद
सातपुड्याची_लेक, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि त्यावरच पुढे बोलायचं आहे. इंग्रजी कागद हे राज्य करणाऱ्याचे कागद आहेत. त्यात कर, बंड, शिक्षा हेच जास्त येणार. पण म्हणून ते सोडून देता येत नाहीत. एक उदाहरण देतो. खाज्या नाईक सेंधवा घाटाची राखण करणारा. १८५७ मध्ये तो आणि भीमा नाईक इंग्रजांविरुद्ध उठले. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीची लढाई झाली. ही तारीख आपल्याला त्या कागदांमुळेच कळते. पण खाज्या नाईक माणूस म्हणून कसा होता, लोक त्याच्यामागे का गेले, हे कागदात मिळत नाही, ते गाण्यात मिळतं.

माझा आग्रह एवढाच, की दोन्ही आधी वेगवेगळं लिहावं. गाण्यातलं गाण्यातलं म्हणून, कागदातलं कागदातलं म्हणून. मग शेजारी ठेवावं. एकदम मिसळलं की दोन्ही बिघडतं. 'पांडव इथे राहिले' असं प्रत्येक लेण्याला चिकटवून आपण खान्देशात हेच करून ठेवलंय.

आणि तिसरी गोष्ट माती. प्रकाशे इथे तापी-गोमाईच्या संगमाजवळ १९५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर तिथे एकावर एक सापडले. म्हणजे शहाद्याच्या शेजारी माणूस साडेतीन हजार वर्षांहून जास्त काळ राहतोय. आपण प्रकाश्याला दक्षिणकाशी म्हणून जातो, केदारेश्वराचं दर्शन घेतो आणि त्या टेकाडाकडे पाठ करून परत येतो.

गोमाईकाठ
माझं अख्खं बालपण गोमाईत डुंबण्यात गेलं. तरी थापर यांचं नाव आज पहिल्यांदा वाचलं. शाळेत एकाही वर्षी कुणी हे सांगितलं नाही. लिहीत राहा, मी सगळं उतरवून घेतोय.

तळोद्याचा_दादा
तोरणमाळला जाताय तर तळोदा चुकवू नका. वाट थोडी वाकडी करावी लागेल, पण बारगळांची गढी बघा. मल्हारराव होळकर लहानपणी वडील गेल्यावर आईबरोबर इथे मामाकडे आले, भोजराज बारगळांकडे. इथेच वाढले, आणि मामाचीच लेक गौतमाबाई ही त्यांची बायको. म्हणजे पुढे इंदूरला जी गादी उभी राहिली, तिचा पहिला माणूस तळोद्यात घोड्यावर बसायला शिकला असं आम्ही अभिमानाने सांगतो. गढीचा दरवाजा, बुरूज अजून उभे आहेत. अहिल्यादेवींची जयंती सगळीकडे होते, पण त्यांच्या सासूबाईंचं माहेर कुठे हे विचारलं तर खान्देशातही चार माणसं सांगणार नाहीत.

दुसरं, तळोदा तालुक्यातलं मोरवड, म्हणजे रंजनपूर. गुलाम महाराजांचं ठिकाण. १९३०च्या दशकात त्यांनी आदिवासींमध्ये दारूबंदीची, स्वच्छतेची चळवळ उभी केली. सोमवारी आरतीला हजारोंनी माणसं जमायची. 'आप की जय' म्हणत. १९३८ मध्ये महाराज गेले, तरी चळवळ थांबली नाही. आजही त्या पंथाची घरं आमच्याकडे आहेत. सातपुड्याच्या इतिहासात तलवारी एवढ्याच नाहीत, हेही आहे.

सातपुड्याची_लेक
गुलाम महाराजांचं नाव काढल्याबद्दल खूप आभार, दादा. माझे मामा त्या आरतीला जात.

बापू_अमळनेर
विषयाला थोडं सोडून: तोरणमाळला जाताना शहाद्याजवळच्या उनपदेवला गरम पाण्याचे झरे आहेत ना? की ते चोपड्याजवळचं? आमच्या घरात यावरून वाद आहे. सौ. म्हणते अडावदजवळ, मी म्हणतो शहाद्याला.

भुसावळ_जंक्शन
बापू, दोन्ही आहेत. एक चोपडा तालुक्यात अडावदजवळ आणि एक शहादा तालुक्यात. वहिनीही बरोबर, तुम्हीही बरोबर. पण घरी सांगताना आधी वहिनी बरोबर असं सांगा.

बापू_अमळनेर
वाद मिटला. भाऊ, तू देवमाणूस शे.

रानवेडा
इतिहास म्हटलं की देऊळ, गढी, लढाई. मला जंगलाचाही इतिहास या यादीत हवा आहे. तोरणमाळच्या वाटेवर आज जे बोडके डोंगर दिसतात ते कायम तसे नव्हते. १८७८ च्या वन कायद्यानंतर सरकारने राखीव जंगलं आखली. डोंगरात फिरती शेती करणाऱ्या माणसाचं स्वतःचं रान एका रेघेने सरकारी झालं. मग ठेक्याने सागवान तुटत गेलं. २००६ मध्ये वनहक्क कायदा आला तेव्हा दाव्यासाठी पुरावे मागितले गेले, आणि गावोगावी म्हाताऱ्या माणसांनी जुने बांध, जुनी थडगी, जुनी मोहाची झाडं दाखवून आपली जमीन कुठपर्यंत ते सांगितलं. मोहाचं कुठलं झाड कुणाच्या घराचं हे सगळ्या पाड्याला ठाऊक असतं. त्या झाडांखाली पहाटे फुलं वेचणारी बाई भेटली तर तिला आजोबांचं नाव विचारा. झाडाचं वय तिथेच कळतं.

उन्हाळ्यात जात असाल तर धडगावकडे उतरा. कौलांवर, अंगणात, रस्त्याच्या कडेला कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या दिसतील. गावरान आंबा झाडावरून काढायचा, बायका-पोरांनी मिळून सोलायचा, चिरायचा, उन्हात टाकायचा. पहिल्या दिवशी फोडी पांढऱ्या, मग कडा वळतात आणि हळूहळू तपकिरी होत जातात. अवकाळी पावसाचा एक शिंतोडा आला की माल काळा पडतो आणि भाव निम्मा. सगळं घर आभाळाकडे डोळे लावून बसतं. आपल्या डाळीतलं आमचूर कुठून येतं ते बघायचं तर इथे बघा. त्या अंगणात बसून तासभर बोला, तळ्याच्या काठापेक्षा जास्त कळेल.

आखडती_वाट
मला थोडा वेगळा सूर लावायचाय. माझं गाव झापीच्या बाजूला. तुम्ही सगळे प्रेमाने लिहिताय, वाचून बरं वाटलं. पण एक गोष्ट सांगतो. वारसा जपा म्हणताना आम्हाला आहोत तसंच राहायला सांगू नका. आमच्याकडच्या पाड्यांवरून पेशंट अजून बांबूच्या झोळीत टाकून रस्त्यापर्यंत आणावा लागतो. पावसाळ्यात ती झोळी धरणाऱ्यांमध्ये मी होतो. माझ्या चुलतबहिणीला आणताना पाय घसरला तरी झोळी सोडता येत नाही. खांद्यावरचा बांबू ओला होतो आणि आतलं माणूस बोलायचं थांबलं की चालणाऱ्यांची छाती धडधडते. पाहुणे येतात, आमच्या कुडाच्या घराचा फोटो काढतात आणि म्हणतात, हे असंच राहू द्या. का राहू द्यायचं? स्लॅबचं घर, नळ, रस्ता आम्हालाही हवा आहे.

नाशिककर_वैशाली
आखडती_वाट, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले. तुमची बहीण आता बरी आहे ना?

आखडती_वाट
हो ताई, बरी आहे. वेळेत पोचलो.

जुना_कागद
आखडती_वाट यांचं म्हणणं या धाग्यात फार मोलाचं आहे. गाणं जपायला कुड जपावा लागत नाही. काठी गावची राजवाडी होळी बघा. तिथे आलेली पोरं मोबाईल, मोटरसायकल सगळं वापरतात. पण होळीचा दांडा उभा करायचा खड्डा रीतीप्रमाणे हातानेच होतो, अंगाला राख लावून, कमरेला घुंगरू आणि डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून नाचणाऱ्याचं व्रत मोडत नाही. माणसाला रस्ता मिळाला म्हणून व्रत सुटत नाही.

सातपुड्याची_लेक
अगदी बरोबर. आणि उलटही होतं. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, मणिबेलीपासून. शहादा-तळोद्याकडे पुनर्वसनाच्या वसाहती झाल्या. तिथे घरं मिळाली, पण ज्या टेकडीवर देव होता ती टेकडी इथे कुठून आणायची? गाण्यातल्या ओळीतली गावंच पाण्याखाली गेली. माझ्या वर्गात वसाहतीतली मुलं आहेत. ती गाणं म्हणतात, पण त्यातली नदी त्यांनी पाहिलेली नाही. म्हणून मला घाई वाटते. गाणारी माणसं म्हातारी झालीत.

भुसावळ_जंक्शन
एक सूचना. तोरणमाळला माहितीफलक लावायचेच असतील तर ते मराठीबरोबर पावरी आणि भिली बोलीतही असावेत. आणि मजकूर लिहायला तिथलीच शिकलेली मुलं-मुली घ्या. मुंबईहून छापून आणू नका.

पद्मालय_एरंडोल
सगळे तोरणमाळच म्हणताय, पण तळ्याकाठचं खान्देशातलं दुसरं ठिकाण आमचं पद्मालय. कमळांनी भरलेलं तळं आणि देवळात दोन गणपती, एकाची सोंड डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. एरंडोलला पांडववाडा, शेजारी फरकांड्याचे झुलते मनोरे. तिकडेही एक दिवस ठेवा.

जुना_कागद
पद्मालयवर वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन. फरकांड्यावर तर लिहायलाच हवं. इथे मात्र तोरणमाळवर राहू.

गोमाईकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला सगळा धागा वाचून दाखवला. तिने आता स्वतःचा प्रश्न बदललाय: 'तळ्याकाठी राहणाऱ्यांना तळ्याबद्दल काय माहीत आहे?' आम्ही दिवाळीच्या सुट्टीत जाणार. आता नेमकं विचारतो. तीन दिवस आहेत. क्रम काय ठेवू? आणि अनोळखी घरात जाऊन प्रश्न विचारले तर कुणाला वाईट वाटणार नाही ना?

सातपुड्याची_लेक
दादा, पहिल्या दिवशी काही विचारू नका. बाजार असेल तर बाजारात फिरा, काहीतरी विकत घ्या, चहा प्या. वर मुक्काम करा, घाट उतरून परत जाऊ नका. सकाळी तळ्यावर पर्यटक यायच्या आधी आसपासच्या बायका-मुलं ये-जा करत असतात, तेव्हा लेकीला त्यांच्या मुलींशी बोलू द्या. मुली मुलींशी लवकर बोलतात.

दुसऱ्या दिवशी गावातल्या एखाद्या शिक्षकाला किंवा आशाताईला बरोबर घ्या, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. ते तुम्हाला योग्य घरी नेतील. म्हाताऱ्या माणसासमोर आधी मोबाईल काढू नका. बसा, पाणी दिलं तर प्या. 'जुनं सांगा' असं विचारलं तर कुणी सांगणार नाही. 'हे शेत तुमच्याकडे कधीपासून? आधी कुणाकडे होतं? तुमचे वडील लग्नात कुठल्या वाटेने आले?' असं विचारा. बोलणं आपोआप मागे जातं. रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून करा, आणि पूजेचं गाणं सांगितलं तर ते नेटवर टाकू नका. काही गाणी ठरावीक दिवशीच म्हणायची असतात, अवेळी म्हणत नाहीत. 'आत्ता नाही' म्हटलं तर तिथेच थांबा.

तिसऱ्या दिवशी नागार्जुन, गोरखनाथ, मच्छिंद्रनाथांची गुफा आणि सीताखाई करा. दोन दिवस ऐकल्यानंतर ती ठिकाणं वेगळी दिसतील. आणि लेकीने जे लिहिलं त्याची एक प्रत त्या घरी पाठवा. आमच्याकडे येऊन लिहून नेणारे पुष्कळ, परत पाठवणारे फार थोडे.

जुना_कागद
यात माझी थोडी भर. उतरताना प्रकाशे करा, संगमावर उभं राहून लेकीला टेकाड दाखवा. वहीची तीन भागांत आखणी करा: ऐकलेलं, वाचलेलं, पाहिलेलं. प्रत्येक नोंदीपुढे कुणी सांगितलं आणि कुठे, हे लिहायला लावा. आठवीतल्या मुलीला ही सवय लागली तर पुढे ती आपल्यापेक्षा पुष्कळ चांगलं काम करेल. आणि तुम्ही पुण्यात आहात, १८८० चं खान्देश गॅझेटियर निघायच्या आधीच वाचून घ्या. तोरणमाळची नोंद झेरॉक्स करून बरोबर ठेवा.

तळोद्याचा_दादा
दिवाळीनंतर थांबणार असाल तर दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजारही पदरात पडेल. लेक खूश होईल. तळोद्याला आलात तर गढी दाखवायला मी आहेच, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आखडती_वाट
गोमाईकाठ, मला व्यनि करा. मी त्या सुट्टीत गावी असेन. माझे आजोबा झापीत आहेत, पावरी बोलतात, मराठी कमी. मी शेजारी बसून सांगेन. ते तळ्याबद्दल बोलतात, पण जेवण झाल्यावर. तुम्ही जेवायलाच या. उडदाची डाळ आणि मक्याची भाकर असेल.

गोमाईकाठ
आखडती_वाट, व्यनि केलाय. लेक विचारतेय आजोबांसाठी काय आणू.

आखडती_वाट
तंबाखू सोडून काहीही चालेल, डॉक्टरांनी बंद केलीय. एक जाड शाल आणा. आणि घाट दुपारी चारच्या आत चढा, नंतर दाट धुकं असतं.